मनमायाचा मुराळी

मनमायाच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं असायचं. त्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात ते घड्याळ बघून मी चहा अर्धा टाकून शाळेकडं पळाले, तर शाळेला अजून कुलूप होतं. संध्याकाळी मी तिला म्हणाले, "अगं, तुझं घड्याळ पुढं गेलंय, नीट करून घे." ती हसली आणि म्हणाली, "बरोबर हाय बाई. हे आईचं घड्याळ हाय."

नेपाळात घड्याळं आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं चालतात, हे मला तेव्हा कळलं. मी इतकी वर्षं मुलांना भूगोल शिकवत आले होते, पण हे काही मला ठाऊक नव्हतं. तिकडं बुटवलच्या बाजारात तिची आई चहाची टपरी चालवायची. आई आता चूल पेटवत असेल, आता टपरीची फळी टाकत असेल, असं मनमाया त्या घड्याळाकडं बघून सांगायची. बाकी घरात आपली वेळ, आणि त्या एका भिंतीवर तिच्या आईची.

गाव विट्याच्या वरच्या अंगाला. मी मूळची वाईची. घाटावर पाय सोडून बसणाऱ्या माणसाला तिकडची कोरडी माळरानं बघून आधी रडूच येतं. मला आलं होतं. पण त्या गावात एक गंमत होती. माळावर कुसळं आणि गावात दुमजली बंगले, ग्रॅनाईटच्या पायऱ्या, पितळी कड्या. घर असं दिसलं की समजावं, घरातला पुरुष गलाईला गेलाय. सोनारांचे जुने दागिने, दुकानातला केर आणि भट्टीतली राख वितळवून त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी ही माणसं कुठल्या कुठल्या मुलखात जातात. बंगल्यात राहतात म्हाताऱ्या आया आणि सुना. वरचा मजला वर्षभर बंद. पुरुष यात्रेला आणि दिवाळीला येतात, अंगठ्या दाखवतात आणि जातात.

विलास त्यातलाच एक. बुटवलला त्याचं दुकान, दुकानासमोर मनमायाच्या आईची टपरी. रोजच्या चहातून लग्न जमलं. तिकडंच देवळात माळा घातल्या आणि दिवाळीला तो तिला घेऊन गावी आला. "दिवाळीपुरतं आलो होतो," मनमाया सांगायची, "दोन साड्या आणल्या होत्या फक्त." पाडव्याच्या दिवशी सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं. विलास म्हणाला, "आयेला उठून बसू दे, मग येतो आन तुला नेतो." आई उठून बसली. वॉकर धरून चालायला लागली. नंतर वॉकर आपटत सगळ्या गल्लीला दम देऊ लागली. तरी दिवाळीला येऊन जाणाऱ्या विलासचं "मग" काही आलं नाही. मी खोल्या घेतल्या तेव्हा त्या दोन साड्यांची पायपुसणी झाली होती.

सासूला अख्खं गाव आक्का म्हणे. आक्कांनी सुनेचं नाव बदलून मनीषा ठेवलं होतं आणि हाक मारायच्या "मने". मनमाया त्यांना गावच्या रीतीनं आत्याबाई म्हणायची. मी आले तोवर तिची भाषा पार तिथली, खानापूर तालुक्याची झालेली होती. लय, न्हाई, व्हय, सगळं जागच्या जागी. पण चकित झाली की तोंडातून "आम्मै!" निघायचं. गल्लीतल्या पोरींनीही ते उचललं होतं.

ती पहाटे एकदा गच्चीवर जायची, हा तिचा नेम. पहिल्या वर्षी ती डोंगर शोधायची. कुणी तरी तिला पवनचक्क्यांचा डोंगर दाखवला, तेव्हा ती इतकी हसली की आक्कांना वाटलं सुनेचं डोकं बिघडलं. "बाई, यास्नी डोंगर म्हनत्यात? आमच्यात असल्यावर शेळ्या बी चढत न्हाईत, लाजत्यात." मला सह्याद्रीचा अभिमान, मी जरा फुगून म्हणाले, "आमच्या वाईला ये, मग दाखवते डोंगर." ती लगेच म्हणाली, "न्या की." पण न्यायची कशी? आक्कांना विचारल्याशिवाय ती विट्याच्या बाजारालाही जात नव्हती.

गच्चीवर ती मुळ्याचा पाला आंबवून वाळवायची. त्याला गुंद्रुक म्हणतात. त्याचा वास असा की पहिल्यांदा मला वाटलं पाण्याच्या टाकीत काहीतरी मेलंय. आक्का खालून ओरडायच्या, "मने, त्यो उकिरडा खाली आण!" ती "व्हय आत्याबाई" म्हणायची आणि पाला दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन पसरायची. असं तिचं भांडण. तोंडानं व्हय आणि हातानं आपलंच. पुढं पुढं आक्का भाकरीबरोबर त्याचंच कालवण मागू लागल्या. मात्र त्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "ते कालचं कायतरी हाय का?" एवढंच.

निवडणुकीच्या दिवसाची गोष्ट सांगते. सकाळपासून गल्ली नटलेली. मनमायानंही धुतलेली साडी नेसली आणि पायरीवर बसली. उमेदवाराची माणसं घरोघर मतं मोजत आली.

"आक्का, तुमच्यात किती?"

"एक."

"आन ही?"

"ती भाईरची हाय," आक्का म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. खरंच होतं ते. नेपाळच्या माणसाला इथं राहायला कुणी अडवत नाही, पण मत नाही. तिच्या फोनचं कार्डही माझ्या नावावर होतं. दुपारी मी मत देऊन आले तर तिनं माझं बोट हातात घेतलं, शाई बघितली आणि विचारलं, "किती दिवस ऱ्हाती?" मी म्हणाले, "राहते बरेच दिवस." ती म्हणाली, "मी बी बरेच दिवस राहिले बाई. पण रंग काय धरला न्हाई." आणि हसत उठून भांडी घासायला गेली. मला काही हसू आलं नाही.

आता मुराळ्याची गोष्ट. आमच्याकडं सासुरवाशीण नागपंचमीला माहेरी जाते, ती उठून एकटी नाही जात. माहेरचं कुणीतरी, बाप नाहीतर भाऊ, न्यायला यावं लागतं. तो मुराळी. त्यानं शिदोरी आणायची, सासरच्यांनी त्याला जेवू घालायचं, शिदोरी गल्लीत वाटायची आणि मग मुलगी पाठवायची. मुराळी न येता गेलेल्या बाईबद्दल लोक एकच विचारतात, "का, काढून दिली का?"

मनमायानं आक्कांकडं माहेरी जायची गोष्ट काढली की त्या हेच सांगायच्या. "जा की. मी न्हाई म्हंते का? मुराळी येऊ दे आन जा. आमच्यात सून एकटी धाडत न्हाईत."

मी एकदा तावातावानं मनमायाला म्हणाले, "हे असलं काय ऐकत बसतेस? मी तुला गाडीत बसवून देते, पुण्याहून थेट गोरखपूरची गाडी मिळते, तिथून तुमची हद्द जवळ." तर तीच माझ्यावर उलटली. "तसं कसं बाई? आमच्यात बी तसंच हाय. तीजच्या सणाला भाऊ न्ह्यायला येतो. बिनबोलावता लेक आली तर आई दारातच घाबरंल." आक्कांनी घातलेलं कुलूप तिच्याही घरचंच होतं, ते ती तोडणार कशी?

बाप लहानपणीच गेलेला. एकच धाकटा भाऊ, टेकबहादूर, तो कतारला बांधकामावर. त्याचा पासपोर्ट मालकाकडं, सुट्टी मालकाच्या मर्जीवर. म्हणजे मुराळी नाही. आणि सगळ्यात वाईट काय, तर विलास रोज तिच्या आईच्या टपरीवर चहा पीत होता. म्हातारीला ताप आला तर औषध आणून देत होता. "आमची अदलाबदली झालीया," मनमाया म्हणायची. "त्यो माझ्या आईपाशी, मी त्याच्या आईपाशी." सुरुवातीला हे ती हसून सांगायची. नंतर नंतर हसणं गेलं, वाक्य तेवढं राहिलं.

शेवटी तिच्या आईनंच तोड काढली. पंचमीच्या चार दिवस आधी दुपारी वडापची जीप दारात थांबली आणि विलास उतरला. पाठीला डोकोरी, म्हणजे तिकडची बांबूची उंच टोपली, कपाळाला लाल अक्षतांचा हा एवढा टिळा. स्वतःच्या घराच्या फाटकाशी आला आणि आत येईना. बाहेरूनच हाक दिली, "पाव्हणं आल्यात!"

आक्का वॉकर आपटत पुढं आल्या. "कोण रं? विलास? आत ये की मुडद्या, भाईर का उभा?"

"मी विलास म्हून न्हाई आलो आये. सासूबाईनी धाडलंय. मी मुराळी हाय."

गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मीही हसले. कुणाला हसू येणार नाही? नवराच बायकोच्या माहेरचा माणूस होऊन स्वतःच्या दारात पाहुणा म्हणून उभा! डोकोरीत सेल होती, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या मोठ्या कड्या, आणि आक्कांसाठी लोकरीची शाल. बिचाऱ्या त्या माउलीनं रीत मोडली नव्हती. तिच्याकडं जो एकच पुरुष माणूस होता तो तिनं पाठवला होता.

मनमाया आतून धावत आली. उंबऱ्यातच थांबली. तिचा चेहरा मी तसा त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. वळली आणि सरळ पिशवी भरायला गेली.

आक्का मात्र हसल्या नाहीत. "येडा हाईस का तू? बायकूला न्ह्यायला नवरा मुराळी म्हून येतो व्हय? मुराळी माहेरचा आसतो. तू माझ्या पोटचा. तू हितला."

"त्यांच्यात कोण न्हाई आये. टेक कतारात हाय."

"मग कतारास्नं येऊ दे. मी वाट बघीन."

विलास म्हणाला, "बरं." डोकोरी उतरवली, आत आला, लुंगी नेसला आणि जेवायला बसला.

विलासचा मला आजही राग येतो, तो मी लपवणार नाही. हजार मैल पाठीवर ओझं घेऊन आलेला माणूस एका "बरं"वर बसला! गलाईवाले म्हणे राखेतून सोनं ओळखतात. घरातलं दिसलं नाही.

पिशवी आठ दिवस दाराशी तशीच होती. विलास परत गेला त्या दिवशी ती वर माळ्यावर गेली. पण त्याआधी मनमायानं एक केलं. सेलची टोपली कमरेवर घेतली आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी गेली. "माझ्या माहेरची शिदोरी हाय," एवढंच म्हणायची आणि दोन कड्या ठेवायची. कुणी हसलं नाही. आक्कांच्या ताटातही तिनं दोन ठेवल्या. आक्कांनी त्या खाल्ल्या, सगळ्या खाल्ल्या, आणि ताटावरून बराच वेळ उठल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी आक्कांशी भांडले. भाडेकरणीनं भांडू नये, पण भांडले. त्या शांतपणानं ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, ती गेली म्हंजी काय माघारी येती व्हय? हितं काय हाय तिचं? ना पोर, ना नवरा, ना मत. मी तरी आली आसती का? आन मग मला पाण्याचा तांब्या कोण दील, तुमी?" माझी बदली कधी ना कधी होणारच होती.

त्यानंतरच्या फाल्गुनात तिची आई आजारी पडली. छातीत पाणी झालं होतं. विलास दवाखान्यात घेऊन गेला, परत घरी घेऊन आला. एका दुपारी फोन आला, तोही व्हिडिओ कॉल. मी नेमकी शाळेतून येऊन पायरीवर चपला काढत होते. मनमाया स्वयंपाकघरात फोन दोन्ही हातांनी धरून उभी होती. पडद्यावर विलासचा हात, हातात चमचा, आणि म्हातारीचं तोंड. तो घोट घोट पाणी घालत होता. मनमाया "आमा, आमा" म्हणत होती. दाराशी वॉकर धरून आक्का उभ्या होत्या. मग पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं. विलासनं फोन खाली ठेवला असावा.

ती रडली नाही. घड्याळाकडं बघितलं फक्त. नंतर मला म्हणाली, "माझ्या आईच्या तोंडात त्यानं पाणी घातलं. त्याच्या आईच्या तोंडात मी घालनार. हिशेब बरोबर हाय की न्हाई बाई?" मी तिला जवळ घेतलं.

त्यांच्यात लग्न झालेली लेक पाच दिवस सुतक पाळते. एक वेळचा भात, मीठ नाही. ती कोपऱ्यात बसून जेवायची. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, समोर आक्काही बसल्या होत्या आणि त्यांच्या ताटातही तोच अळणी भात. त्या चवीनं जेवणाऱ्या बाई, मीठ कमी पडलं तर वाटी सरकवून देणाऱ्या. पाचही दिवस दोघी समोरासमोर बसून तेच जेवल्या.

आणि त्या श्रावणात टेकबहादूर आला. खरा मुराळी. मालकानं सुट्टी दिली ती आई गेल्यावर. तो आधी बुटवलला जाऊन आला होता, तसलीच डोकोरी पाठीला लावून. पोरसवदा, उन्हानं काळवंडलेला, बहिणीपुढं मान वर न करणारा.

आक्कांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही! "या पाव्हणं" म्हणून पाटावर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं. पंचमीला आमच्याकडं तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत, तळत नाहीत, म्हणून शेजारणीला बोलावून पुरणाची दिंडं उकडून घेतली. त्याला टोपी-उपरणं, तिला हिरवी साडी. स्वतः वॉकर धरून फाटकापर्यंत आल्या. "जा मने. म्हयना ऱ्हा, दोन म्हयनं ऱ्हा. मी शेजारणीला सांगितलंय माझं बघाय." मुराळी आला की धाडीन हा शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला. बाई शब्दाची खरी होती, हे मला मानलंच पाहिजे.

मला त्याच गाडीनं विट्याला जायचं होतं, म्हणून मी फाट्यापर्यंत त्यांच्याबरोबर होते. एसटी आली. मनमायानं डोकोरी वर चढवली, भावाला चढवलं, आणि कंडक्टरला म्हणाली, "एकच तिकीट." टेकबहादूर पायरीवरून वळला. ती त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली, त्यातलं मला फक्त "आमा" कळलं. त्याचे डोळे भरले. त्यानं वाद घातला नाही. गाडी गेली.

"अगं, हे काय केलंस?" मी जवळजवळ ओरडलेच. "इतकी वर्षं याचीच वाट बघितलीस ना?"

"आईची बघितली बाई. टपरी दुसऱ्यानं घेतली. टेक धा दिसांनी कतारला चाललाय. घराला कुलूप हाय. आता काय कुलूप बघाय जाऊ?"

मी विट्याचं काम सोडून तिच्याबरोबर परत फिरले. वाटेत ती हिरवी साडी चिखलात खराब होऊ नये म्हणून वर धरून चालत होती. फाटक उघडंच होतं. आक्का पलंगावर बसल्या होत्या, त्यांनी आम्हाला बघितलं. शेजारीण उठून आपल्या घरी गेली.

मनमाया सरळ स्वयंपाकघरात गेली. स्टूल ओढलं, वर चढली आणि भिंतीवरचं घड्याळ काढलं. मागची चावी फिरवायला लागली. आक्कांच्या पलंगावरून आतली भिंत दिसायची.

"काय करतीस गं?"

"घड्याळ नीट करते आत्याबाई. फुडं गेलंय."

आक्का वॉकर न घेता, पलंगाच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या. पडतील म्हणून मी धावले, तर त्यांनी माझा हात झटकला. "ऱ्हाऊ दे तसंच," त्या म्हणाल्या. "मला म्हाईत हाय ती कुणाची येळ हाय ती. एवढी वर्सं मी त्याच येळंवर गोळ्या खाती."

पुढं माझी बदली झाली. टेम्पोत सामान भरताना मनमाया फाटकाशी होती, हातही हलवला असेल. पण मनमाया म्हटलं की मला दिसते ती त्या दुपारची. हिरव्या साडीत स्टुलावर उभी, दोन्ही हातांत घड्याळ, आणि चावीवरचं बोट थांबलेलं. आक्कांनी पलंगापासून पुन्हा हाक दिली, "मने, लाव ते भिंतीला." ती "व्हय आत्याबाई" म्हणाली. पण घड्याळ तिनं छातीशी धरलं, आणि त्या वेळी ती रडली.